वाफवलेल्या पोर्क डंपलिंगचा तळ फाटतो, रस गळतो: दोष कुठे शोधायचा

वाफवलेल्या पोर्क डंपलिंगच्या तक्रारी वरवर निरनिराळ्या वाटतात. कुणाची पारी चिकटते, कुणाचं सारण कोरडं होतं, कुणाची मुरड उघडते. पण माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात निघालं आहे. जो रस आत राहायला हवा तो बाहेर पडतो आणि जी वाफ बाहेर राहायला हवी ती पाणी होऊन पारीत मुरते. त्यामुळे कुणी विचारलं, की मी आधी पाणी कुठे गेलं ते शोधते, मसाल्याचं नंतर बघते.

आधी लक्षणं नीट बघा. घाईघाईत पुढचा घाणा लावण्यापूर्वी पहिल्या घाण्यातलं एक डंपलिंग सुरीने मधोमध कापा आणि पातेल्यातल्या पाण्याकडेही एक नजर टाका.

– उचलताना तळ चाळणीला धरून राहतो आणि रस खाली जातो.
– मुरड वाफेत उघडते आणि सारण बाहेर डोकावतं.
– पारी शाबूत आहे, पण आतलं सारण आक्रसून घट्ट गोळा झालं आहे. गोळ्याभोवती पोकळी आहे आणि चावल्यावर ते दाणेदार, कोरडं लागतं.
– पारीच्या कडा वातड आणि तळ गिच्च.
– पारीवर ओले, पांढरट, चिकट ठिपके.
– खालच्या पाण्यावर चरबीचा तवंग.

शेवटच्या लक्षणाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण ते सगळ्यात खरं बोलतं. पाणी स्वच्छ असेल आणि तरीही सारण कोरडं असेल, तर रस पारीतून गळलेलाच नाही. दोष सारणात आहे किंवा ते जास्त शिजलं आहे. पाण्यावर तवंग असेल तर पारी, मुरड किंवा चिकटणं यांपैकी काहीतरी.

दहा मिनिटांची परीक्षा

काहीही बदलण्याआधी एवढं करा. एका लहान पसरट ताटलीत चमचाभर सारण उघडंच चपटं पसरून ठेवा. शेजारी एक पारी सारण न भरता नुसती दुमडून, कडा दाबून ठेवा. तिसरं एक नेहमीसारखं भरलेलं डंपलिंग. तिन्ही एकत्र वाफवा.

उघडं सारण आक्रसलं आणि ताटलीत पाण्याचं तळं साचलं, तर पारीला दोष देऊ नका. सारण पाणी धरत नाही. सारण मऊ, रसरशीत राहिलं आणि रिकामी पारी चिकटली, फुगली किंवा उघडली, तर पीठ, मुरड आणि वाफ तपासा. दोन्ही चांगली निघाली आणि फक्त भरलेलं फाटलं, तर भरण्यात चूक आहे: सारण जास्त, हवा आत, किंवा लाटताना मध्यभाग पातळ.

या परीक्षेचा दुसरा फायदा म्हणजे मीठ कळतं. कच्च्या पोर्कचं सारण कधीही चाखू नका. शिजवलेला चमचाभर नमुना चाखा आणि मग मीठ-सोया सॉस वाढवा.

फुकटात होणारी दुरुस्ती: उचलायची घाई आणि वाट पाहण्यातला उशीर

गॅस बंद केल्याबरोबर डंपलिंग उचललं तर ते फाटणारच. त्या क्षणी पारीतला स्टार्च फुगलेला, ओला आणि चिकट असतो. झाकण काढून एक-दोन मिनिटं थांबा. पृष्ठभाग थोडा सुकतो, आकसतो आणि तळ आपोआप सुटतो. चिमट्याने वरून ओढू नका, पातळ उलथनं खालून सरकवा.

दुसरी गोष्ट, भरून ठेवलेली डंपलिंग्ज. पन्नास एकदम भरायची, ताटात मांडायची आणि पाहुणे आल्यावर वाफवायची, ही पद्धत मी सगळ्यांना सोडायला लावते. सारणातलं मीठ भाजीतून आणि मांसातून पाणी ओढत राहतं, ते तळाशी साचतं आणि पारी आतून भिजते. वाफेत जाण्याआधीच ती ताटाला चिकटून फाटायच्या बेतात असते. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेली तर सगळ्यात वाईट. भरल्यापासून अर्ध्या तासात वाफवा. तेवढ्यात जमणार नसेल तर ताटात सुटी मांडून सरळ फ्रीझरमध्ये घाला. दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरा आणि वाफवताना वितळू न देता तशीच ठेवा. बाहेर काढून मऊ होऊ दिलेलं गोठवलेलं डंपलिंग वाचवता येत नाही.

चाळणी, कागद, जागा

चाळणीला नुसता तेलाचा हात पुरतो असं अनेकांना वाटतं. पहिल्या घाण्याला पुरतो, दुसऱ्याला नाही, कारण वाफेने तेल धुऊन जातं. भोकं पाडलेला बेकिंग पेपर किंवा कोबीची पानं घाला. भोकं नसलेला कागद घातला तर त्यावर पाणी साचून तळ उकडल्यासारखा गिच्च होतो, म्हणून भोकं विसरू नका. कोबीची पानं वापरताना मधली जाड शीर कापून टाका, म्हणजे डंपलिंग वाकडं बसत नाही.

दोन डंपलिंगमध्ये दोन सेंटिमीटर जागा ठेवा. पारी वाफेत फुगते. एकमेकांना टेकलेल्या दोन पाऱ्या सोडवताना एकीचा बळी जातोच.

वाफ

पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय चाळणी ठेवायची नाही. थंड भांड्यात ठेवून गॅस पेटवला तर पारी कोमट, दमट हवेत बराच वेळ बसते. शिजून घट्ट होण्याऐवजी ती भिजून सैल पडते आणि बुडाला चिकटते. पाणी चाळणीपासून निदान तीन सेंटिमीटर खाली हवं, नाहीतर उकळीचे शिंतोडे तळाला लागतात. पाणी आटलंय का हे झाकण न उघडता कळावं म्हणून पातेल्यात एक स्वच्छ नाणं टाकून ठेवा. त्याचा खडखडाट थांबला की पाणी संपत आलं.

पारीवर पांढरट ओले ठिपके पडत असतील तर वर बघा. धातूच्या झाकणाला वाफ लागते, थेंब होतात आणि ते डंपलिंगवर पडतात. झाकण सुती कापडात गुंडाळा आणि कापडाची टोकं वर बांधा, ज्वाळेजवळ लोंबू देऊ नका. बांबूच्या टोपलीत हा त्रास कमी असतो, कारण तिचं विणलेलं झाकण वाफ थोडी सोडतं आणि थोडी शोषून घेतं.

वेळ: 12 ग्रॅमची पारी आणि 18 ग्रॅम सारण असलेलं ताजं डंपलिंग जोरदार वाफेवर 8 ते 10 मिनिटांत होतं, गोठवलेलं 12 ते 15 मिनिटांत. मधे झाकण उघडू नका. मांसाच्या खिम्यासाठी आतलं तापमान 71 अंश सेल्सिअस झालं की पुरे. त्याच्या आसपासच मांसातली प्रथिनं आवळायला लागतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून "पोर्क आहे, अजून पाच मिनिटं राहू दे" असं म्हटलं की सारण कोरडं पडतं. काटा असलेला थर्मामीटर घ्या, घाण्यातलं एक डंपलिंग बाजूने भोसकून मधोमध तापमान बघा आणि त्या भांड्यासाठी तो वेळ कायमचा लिहून ठेवा. रंगावर विसंबू नका. नीट शिजलेलं पोर्कही कधीकधी गुलाबीसर राहतं आणि कच्चं राहिलेलं करडं दिसू शकतं.

उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, 1500 मीटरवर सुमारे 95 अंशांना. तिथे वेळ थोडा वाढवावा लागतो आणि थर्मामीटरला पर्याय नाही.

मुरड उघडते तेव्हा

कडेला तेल किंवा सारण लागलेलं असेल तर ती कड चिकटत नाही. कितीही चुण्या घाला, वाफेत ती सुटते. सारण भरायला चमचा लहान घ्या आणि कडेचा एक सेंटिमीटर कोरा ठेवा. दुसरा शत्रू म्हणजे लाटताना लावलेलं कोरडं पीठ. पारी भरण्यापूर्वी ते झटका. घरी मळलेल्या ताज्या पारीला पाण्याची गरज नसते. विकतच्या पारीला मात्र कडेने ओलं बोट फिरवावंच लागतं, कारण तिच्यावर स्टार्च भुरभुरलेला असतो आणि कडा सुकलेल्या असतात. बोट ओलं हवं, निथळणारं नको. जास्त पाण्याने कडा एकमेकींवरून घसरतात.

हवा राहू देऊ नका. मिटताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत जा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. आत अडकलेली हवा आणि वाफ फुगून मुरडीवर ताण देते. चुण्या किती आणि कशा हा सौंदर्याचा प्रश्न आहे. रस धरण्यासाठी सरळ अर्धचंद्र घट्ट दाबून मिटला तरी चालतो आणि शिकताना मी तोच करायला सांगते.

पारी आणि पीठ

इथे घरोघरी एकच गोंधळ होतो. उकळून खायच्या डंपलिंगचं पीठ वाफेसाठी वापरलं जातं. चीनमध्ये उकळायच्या शुईजिआओचं पीठ थंड पाण्यात मळतात आणि वाफवायच्या झेंगजिआओचं बहुधा गरम पाण्यात. थंड पाण्याने मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, घट्ट जाळं विणतं. उकळत्या पाण्यात ते उपयोगी, कारण पारीला खळखळाट सोसायचा असतो आणि लागेल तेवढं पाणी तिला बाहेरून मिळतं. वाफेत तेवढं पाणी मिळत नाही. म्हणून ती कडेला वातड होते आणि ताठपणामुळे चुण्यांपाशी तडकते.

उकळतं पाणी मैद्यावर पडलं की काही स्टार्च तिथल्या तिथे शिजतो. गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंशांच्या आसपास फुगायला लागतो. असा स्टार्च पाणी पोटात धरतो आणि ग्लूटेन सैल पडतं. पारी मऊ राहते, लाटताना मागे सरत नाही.

प्रमाण असं ठेवा: 300 ग्रॅम मैदा, 120 मिलिलिटर उकळतं पाणी, 50 ते 60 मिलिलिटर थंड पाणी. उकळतं पाणी धारेने घालत चमच्याने हलवा म्हणजे भुरभुरीत गुठळ्या होतील, मग थंड पाणी शिंपडून मळा. सगळंच पाणी उकळतं घातलं तर पारी मऊ होते, पण ताणच उरत नाही आणि सारणाच्या वजनाने तळ फाटतो. थंड पाणी त्यासाठी आहे. ओल्या कापडाखाली निदान अर्धा तास मुरू द्या. न मुरलेलं पीठ लाटताना आकसतं, मग माणूस जोर लावतो आणि मध्यभाग पातळ होतो.

मध्यभाग हाच फाटण्याचा खरा पत्ता आहे. सगळा भार तिथे येतो. लाटी आधी तळहाताने चपटी करा. मग एका हाताने पारी फिरवत दुसऱ्या हाताने बारीक लाटणं कडेकडून मध्याच्या अलीकडेपर्यंतच न्या. मधे दोन मिलिमीटर, कडेला एक. नऊ सेंटिमीटर व्यासाची पारी पुरे. पोळी लाटायची सवय असलेल्यांना हे जड जातं, कारण तिथे सगळीकडे सारखी जाडी हाच गुण असतो. विकतची पारी सगळीकडे सारखीच जाड असते, तेव्हा तिच्यात 18 ग्रॅम भरू नका, 12 ते 14 वर थांबा.

सारण पाणी धरत नाही

परीक्षेत ताटलीत तळं साचलेल्यांनी इथे वेळ द्यावा. सगळ्यात अवघड दुरुस्ती हीच, कारण तिची सुरुवात मांस निवडण्यापासून होते.

चरबी आधी. कमी चरबीचा खिमा घेऊन रसाळ डंपलिंग होत नाही. सुमारे 70 भाग मांस आणि 30 भाग चरबी धरा. खांद्याचं मांस आणि थोडं पोटाचं मिळून हे प्रमाण जवळपास जमतं. आरोग्यासाठी चरबी कमी करायची असेल तर डंपलिंगची संख्या कमी करा, सारणातली चरबी नको.

मग मीठ आणि फेटणं. 500 ग्रॅम खिम्यात भाजी घालण्यापूर्वी 3 ग्रॅम मीठ आणि 25 मिलिलिटर सोया सॉस घालून एकाच दिशेने जोरात फेटा. मिठामुळे मायोसिन नावाचं प्रथिन मांसाच्या तंतूंतून बाहेर येतं, चिकट होतं आणि शिजताना त्याचं जाळं बनून पाणी व चरबी अडवतं. खिमा भांड्याच्या कडेला चिकटायला लागला आणि चमच्यामागे धागे ओढले जाऊ लागले की झालं. मीठ न घालता कितीही फेटलं तरी हे होत नाही, आणि भाजी आधी घातली तर तिचं पाणी सुटून सगळं पातळ होतं.

आता पाणी. 100 मिलिलिटर थंड पाणी किंवा आलं आणि पातीचा कांदा चुरून गाळलेलं पाणी, चार-पाच वेळा थोडं थोडं घालून दर वेळी ते पूर्ण मुरेपर्यंत फेटा. एकदम ओतलं तर मांस ते घेत नाही. कोरड्या सारणाची तक्रार करणाऱ्यांना आणखी पाणी घाला म्हटलं की ते घाबरतात, पण अशा रीतीने मुरवलेलं पाणीच चावल्यावर रस म्हणून मिळतं. हे सगळं होताना खिमा गार हवा. चरबी वितळून माखली की तिचं पाण्याशी जमत नाही आणि शिजल्यावर दोन्ही वेगळी होतात. उन्हाळ्यात भांडं बर्फावर ठेवून फेटा, मग तासभर फ्रिजमध्ये.

कोबी वापरत असाल तर तो बारीक चिरून 200 ग्रॅमला 3 ग्रॅम मीठ चोळा, पंधरा मिनिटांनी हाताने घट्ट पिळा आणि चमचाभर तिळाचं तेल चोळून मगच खिम्यात मिसळा. मिसळणं अगदी भरण्याच्या वेळी. तेलाचा थर मिठाला काही काळ दूर ठेवतो.

एवढं करूनही तळं साचत असेल तर मांस बदला. गोठवून वितळवलेल्या मांसातल्या बर्फाच्या कणांनी पेशी फुटलेल्या असतात आणि पाणी आधीच निघून गेलेलं असतं. फार बारीक, दोनदा दळलेला खिमाही नीट फेटला जात नाही, लगदा होतो. ताज्या मांसाचा एकदाच, मध्यम जाळीतून काढलेला खिमा घ्या, किंवा अर्धवट गोठवलेलं मांस घरी सुरीने बारीक करा. हाताने चिरलेल्या पोर्कचा फरक पहिल्या घासाला कळतो आणि त्यासाठी लागणारी वीस मिनिटं मला कधीच जास्त वाटली नाहीत.

शेवटचा आधार जिलेटिनचा. 100 मिलिलिटर गाळलेल्या मटणपाण्यासारख्या पातळ रश्शात 3 ग्रॅम जिलेटिन विरघळवून थंड करा, घट्ट झालं की बारीक चिरून सारणात मिसळा. वाफेत ते पुन्हा रस होतं. यासाठी पारी आणि मुरड आधी निर्दोष हवी. गळकी पारी असताना हे केलं तर गळतीच वाढते.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

उकळी येते पण टिकत नाही, ज्वाळा पिवळी, काजळी धरणारी किंवा मंद आहे: डंपलिंग बाजूला ठेवा. बर्नरची भोकं घासून फरक पडला नाही तर जेट आणि नळी स्वतः उघडू नका, गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका, बाहेर पडा आणि मग गॅस पुरवठादाराच्या आपत्कालीन सेवेला फोन करा.

मांसाला आंबूस वास, हाताला बुळबुळीतपणा, किंवा खिमा दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेला: टाकून द्या. मांस कापताना 5 ते 10 मिलिमीटरच्या पांढरट, पाण्याने भरलेल्या पिशव्या दिसल्या तर ते पट्टकृमीच्या अळ्यांचं लक्षण असू शकतं. शिजवून बघायच्या भानगडीत पडू नका. मांस बंद पिशवीत विक्रेत्याकडे परत न्या आणि अन्न तपासणी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा.

कमी शिजलेलं पोर्क खाल्ल्यावर ताप, रक्ताची हगवण, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा काही दिवसांनी अंगदुखी आणि डोळ्यांभोवती सूज आली तर डॉक्टरकडे जा आणि पोर्क खाल्लं होतं हे आवर्जून सांगा. वाफेने भाजलं तर भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका. चेहरा भाजला असेल, मोठे फोड आले असतील किंवा लहान मूल असेल तर लगेच दवाखाना.

आणि उघड्या सारणाची परीक्षा चांगली निघते, रिकामी पारीही चांगली निघते, तरी भरलेलं दर वेळी फाटतं, असं झालं तर वाचून आणखी काही हाती लागणार नाही. डंपलिंग रोज करणाऱ्या स्वयंपाक्यासमोर एक दुपार बसा. त्यांना आपल्या हाताने लाटून आणि मिटून दाखवा, आणि त्यांच्या पिठाची लाटी बोटांत दाबून बघायला मागा.